अमेरिकी सेंट नाण्यावरचा फोड: टांकसाळीची चूक की गंज?

तुम्ही विचारलंत, की तुमच्या अमेरिकी सेंटवरचे (डॉलरच्या शंभराव्या भागाचं नाणं) काळे ठिपके आणि फोड ही टांकसाळीची चूक का? नाही, तो गंज आहे. हिरमुसू नका, नवीन माणूस इथेच अडकतो. तारवट्यांच्या (बोटीवर नोकरी करणाऱ्या गोवेकरांच्या) घरी डब्यात पडलेल्या अमेरिकी सेंटांची गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत हीच गत होते.

१९८२ मध्ये सेंट तांब्याऐवजी जस्ताचा झाला: ९७.५ टक्के जस्त, वर तांब्याचा पातळ मुलामा. मुलाम्याला चीर पडली की ओल आत शिरते, जस्त कुजतं, त्याची पांढुरकी भुकटी जास्त जागा घेते आणि मुलामा फुगतो.

दहापट भिंगाखाली, दिवा तिरपा धरून बघा:

- फोडाभोवती काळी कड, खड्डा किंवा भुकटी असेल तर गंज.
- फोड गुळगुळीत, चकाकी शाबूत? मग मुलाम्याखाली वायू अडकलाय. हा दोष टांकसाळीतलाच, पण त्याला फारशी किंमत नाही.
- अक्षरालगत करडी रेघ दिसली की लोक दुहेरी ठसा (ठशावरच अक्षरं दोनदा उमटल्याची टांकसाळीची चूक) समजून पैसे मोजतात. ठोकताना मुलामा ताणून फाटलेला असतो, एवढंच. खऱ्या दुहेरी ठशात दुसरं अक्षरही गोलसर, उठावदार असतं आणि टोकाशी खाच दिसते.

जस्ताच्या सेंटचं वजन २.५ ग्रॅम हवं, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. ‘मुलामा द्यायचाच राहिला’ म्हणून विकला जाणारा, तांबं नसलेला करडा सेंट सध्या विकत घेऊ नका, ॲसिडने मुलामा उतरवलेले फार फिरतात.

आणि चिंच-कोकम लावून घासणं बंद! पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळा. नाणी हवाबंद डब्यात ठेवून सोबत ओल शोषणारं सिलिका जेल ठेवा, पावसाळ्यात ते बदलत राहा.