मागून दाखवलेला अंगठा

“मॅडम, प्रश्न तुम्हाला छोटा वाटेल,” बसता बसता तो म्हणाला. “मित्राबरोबर तीनशे किलोमीटरची ब्रेव्हे करायचं ठरवलंय. सहा आठवडे उरलेत. तो माझ्यापेक्षा खूप तगडा आहे. माझ्यामुळे त्याची राईड वाया जाईल, या विचाराने झोप लागत नाही. तब्येतीचं कारण सांगून टाळू का?”

मला हा प्रश्न छोटा वाटत नाही. ट्रेक असो, अभ्यासाचा गट असो किंवा दोघांनी मिळून काढलेला व्यवसाय, ‘माझं ओझं होईल’ ही भीती मी फार वेळा ऐकते. ज्याच्यावर ओझं होईल म्हणतात, त्याला कुणी विचारलेलंच नसतं. (त्याची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राईड. दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस आणि सहाशेला चाळीस. खाणं, पंक्चर, डुलकी सगळं त्याच वेळात, घड्याळ थांबत नाही. वाटेतले कंट्रोल, म्हणजे हजेरी नोंदवायचे थांबे, तेही ठरलेल्या वेळेआधी गाठावे लागतात. या परंपरेतली सर्वांत नावाजलेली राईड म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. ती १८९१ साली सुरू झाली. आता ती चार वर्षांतून एकदा होते, अंतर बाराशे किलोमीटरच्या आसपास आणि जास्तीत जास्त वेळ नव्वद तास. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर काढत नाहीत. आणि हजेरीचं कार्ड प्रत्येकाचं स्वतंत्र असतं. या शेवटच्या गोष्टीकडे आम्ही पुढे परत आलो.

मी त्याला दोघांच्या शेवटच्या सरावाबद्दल विचारलं. एकशेवीस किलोमीटरची राईड होती. शेवटच्या तीस किलोमीटरमध्ये त्याच्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, हात थरथरायला लागले. सायकलवाले याला ‘बॉन्क झाला’ म्हणतात. अंगातली साखर संपते आणि पाय ऐकेनासे होतात.

“खिशात खायला नव्हतं?”

“होतं की. पण खायचं म्हणजे वेग कमी होणार, तो पुढे जाणार, मग त्याला थांबावं लागणार. म्हणून नाही खाल्लं. पाणीही कमीच प्यायलो, म्हणजे मध्ये थांबायला नको.”

“त्याला काही कळलं नाही?”

“तो दर पाच-सात मिनिटांनी वळून बघायचा.”

“आणि तू?”

त्याने उजवा हात वर केला आणि अंगठा दाखवला. माझ्या समोर, खुर्चीत बसून. चेहऱ्यावर हसू होतं, तेही बहुधा तेव्हाचंच. हात खाली आला आणि डोळे भरून आले.

मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, “ओझं होऊ नये म्हणून उपाशी राहिलो, आणि शेवटी त्यानेच मला तासभर रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं.”

यावर मला वेगळं काही सांगावं लागलं नाही.

त्याच राईडमधली अजून एक गोष्ट मी खोदून विचारली. चढ आला की मित्र पुढे जायचा आणि माथ्यावर वाट बघायचा. हा पोचला की मित्र लगेच पॅडल मारायला लागायचा. मित्राच्या मते तो खूप थांबत होता. म्हणजे ज्याला विश्रांतीची गरज कमी त्याला प्रत्येक माथ्यावर दहा मिनिटं मिळत होती, आणि ज्याला जास्त त्याला एकही नाही. यात मित्राचा दुष्टपणा काहीच नव्हता. फक्त ‘दोन मिनिटं थांब’ हे शब्द कुणी उच्चारले नव्हते. सपाट रस्त्यावर पुढच्याच्या मागे राहून वारा चुकवता येतो, बरीच ताकद वाचते. चढावर वेग इतका कमी असतो की ती मदत जवळपास संपते. तिथे ज्याने त्याने आपल्या गतीनेच चढायचं, हे अनुभवी सायकलस्वार जाणतात. हा मात्र चढावरही मित्राच्या चाकाला चिकटून राहायचा प्रयत्न करायचा.

समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आपणच ठरवून टाकायचं आणि त्यावर वागायचं, ही सवय चिंतेच्या मुळाशी फार वेळा सापडते. त्याने धरून ठेवलं होतं, की मित्राला कमीत कमी वेळात राईड संपवायची आहे. मी त्याला एकच काम दिलं: या राईडमधून तुला काय हवंय, एवढं मित्राला विचारून ये.

दोन आठवडे त्याने विचारलं नाही. मी घाई केली नाही. इतकी वर्षं अंगठा दाखवणाऱ्या माणसाला एक साधा प्रश्न विचारायलाही धीर गोळा करावा लागतो.

तिसऱ्या भेटीत तो आला तो जरा गोंधळूनच. “म्हणाला, मला रात्री एकट्याने चालवायची भीती वाटते. मागच्या वेळी पहाटेच्या अंधारात डोळा लागून रस्त्याच्या कडेला गेलो होतो. म्हणून तर तुला घेतोय बरोबर. अरे, वेग कुणाला हवाय?”

मग दोघांनी बसून ठरवलं. अंगठा बंद. विचारलं की आकडा सांगायचा: दहा म्हणजे मस्त, एक म्हणजे संपलो. चारच्या खाली गेलं की थांबून खायचं, कारण द्यायचं नाही. माथ्यावर शेवटी येणारा हवं तेवढं थांबेल आणि ‘चल’ तोच म्हणेल. सगळ्यात अवघड कलम माझ्या आग्रहाने आलं: एकाने सोडलं तर दुसऱ्याने सोडायचं नाही, पण अंधारात एकटं न जाता कंट्रोलवरून दुसऱ्या कुणाबरोबर निघायचं. कार्ड स्वतंत्र असतं ते याचसाठी, असं मला वाटतं. सोबत करायची म्हणजे एकमेकांना बांधून घ्यायचं नाही.

शरीराच्या बाबतीत मी फक्त एवढं म्हटलं, की छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आकडा वगैरे काही नाही, तिथेच थांबायचं आणि मदत मागायची.

राईडनंतर आठवड्याने तो आला. सकाळी सहाला निघाले होते. पहिले दीडशे किलोमीटर सुरेख गेले. मग समोरून वारा सुरू झाला तो थांबलाच नाही. दोनशे अठ्ठावीस किलोमीटरच्या कंट्रोलवर पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते, तो कंट्रोल बंद व्हायला बारा मिनिटं बाकी. मित्राने विचारलं, “आकडा?”

“दोन.”

“खाऊन बघूया?”

“खाल्लंय. तरी दोन.”

मित्र थोडा वेळ गप्प राहिला. मग तिथे आलेल्या दोघांना विचारून त्यांच्याबरोबर निघाला. वळून बघितलं तेव्हा याने हात हलवला, नुसता हात.

“वाईट वाटलं?” मी विचारलं.

“तिथे नाही. घरी येऊन आंघोळ केल्यावर खूप वाटलं.”

पहाटे मित्राचा मेसेज आला होता: ‘पोचलो. तुझा आकडा?’

याने लिहिलं: ‘चार.’

“पाय तर तोवर सुटले असतील,” मी म्हटलं.

“पायांचा नव्हता तो आकडा, मॅडम. त्यालाही ते कळलं. तासाभरात फोन आला त्याचा.”