संस्थेचा ठराव प्राचार्यांना वाचवतो का?

प्रश्न : मी एका अनुदानित महाविद्यालयात प्रभारी प्राचार्य आहे. वसतिगृहात रॅगिंग झाल्याची लेखी तक्रार प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी माझ्याकडे दिली आहे. संस्थाचालक प्रकरण आपसात मिटवण्यास सांगतात व तसा ठराव देण्यासही तयार आहेत. पुढे काही झाल्यास मी वैयक्तिक जबाबदार ठरेन का?

उत्तर : होय, आणि तो ठराव आपले रक्षण करील असे कृपया मानू नका. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, 1999 च्या कलम 6 नुसार लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत चौकशी करणे, तक्रारीत प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास संबंधित विद्यार्थ्याला निलंबित करणे आणि तक्रार तत्काळ पोलीस ठाण्याकडे पाठवणे हे संस्थाप्रमुखाचे, म्हणजे महाविद्यालयाच्या बाबतीत प्राचार्यांचे, कर्तव्य आहे. तथ्य न आढळल्यास तसे तक्रारदाराला लेखी कळवावे लागते. यात कसूर झाल्यास कलम 7 प्रमाणे संस्थाप्रमुखाने गुन्ह्याला प्रोत्साहन दिले असे मानले जाते, आणि दोष सिद्ध झाल्यास शिक्षा रॅगिंग करणाऱ्याइतकीच, म्हणजे दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड, होऊ शकते. ‘मी केवळ प्रभारी होतो’ या बचावावर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते, कारण तक्रार आपल्याच हाती आलेली आहे.

तक्रारीवर आजच आवक क्रमांक व दिनांक घाला, चौकशीतील जबाब लेखी घ्या आणि संस्थाचालकांची सूचनाही लेखीच मागा. त्या मुलाची राहण्याची सुरक्षित व्यवस्था मात्र चौकशीची वाट न पाहता आज रात्रीपूर्वी करा.