फुल्यांची वही

"मॅडम, मला पॉझिटिव्ह राहायला जमतच नाहीये."

कर्करोगावर उपचार घेणारी तरुण मुलं-मुली समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसली की पहिल्या नाहीतर दुसऱ्या भेटीत हे वाक्य येतंच. केस गेल्याचं दुःख असतं, नोकरी अर्धवट राहिल्याचं असतं, बरोबरीचे पुढे निघून गेल्याचं असतं. ते सगळं ती मोकळेपणाने सांगतात. या एका वाक्याला मात्र आवाज खाली जातो, गुन्हा कबूल करावा तसा. कारण त्याच्या पोटात दुसरं वाक्य दडलेलं असतं: मी रडते, चिडते, घाबरते, म्हणून माझा आजार बरा होणार नाही.

गेल्या महिन्यात हे तिघांकडून ऐकलं. म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती २६ वर्षांची. हिशेब तपासायचं काम करणारी, त्यामुळे आकड्यांशी चांगलीच दोस्ती. छातीत गाठ निघाली, निदान नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशी या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. दर २१ दिवसांनी एक अशा सहा केमो ठरल्या होत्या. माझ्याकडे आली तेव्हा तीन झाल्या होत्या आणि हॉस्पिटलातून सुटून चारच दिवस झाले होते. सोबत आई.

"ॲडमिट कशाला व्हावं लागलं?"

"ताप आला होता."

आईला राहवलं नाही. "सकाळी मी हात लावला तर अंग भाजत होतं. हिला रात्रीच कळलं होतं. तापाची गोळी घेऊन गुपचूप झोपली."

"का गं?"

"सारखं काय रडगाणं लावायचं? म्हटलं, चांगला विचार करू, जाईल."

मी चरकले. केमो अस्थिमज्जेतल्या, म्हणजे हाडांच्या आत जिथे रक्तपेशी बनतात तिथल्या, भराभर वाढणाऱ्या पेशींनाही मारते आणि संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचं आयुष्य मुळात थोड्या दिवसांचं, त्यामुळे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान काउंट, म्हणजे या पेशींचे आकडे, पडतात. त्या दिवसांत ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला, तर रात्र असो की पहाट, उठून हॉस्पिटल गाठायचं असतं. न विचारता तापाची गोळी घ्यायची नसते, कारण ती ताप झाकते, संसर्ग तसाच राहतो. हे तिला माहीत होतं, डॉक्टरांनी दिलेल्या कागदावरही होतं. पण 'तक्रार करायची नाही' हे तिने त्या कागदाच्या वर ठेवलं होतं. 'पॉझिटिव्ह राहा' हा सल्ला निरुपद्रवी आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना मी ही रात्र सांगते.

दुसऱ्या भेटीला ती एकटी आली आणि पर्समधून एक छोटी वही काढली. पहिल्या केमोपासूनची प्रत्येक तारीख, आणि पुढे बरोबरची खूण नाहीतर फुली. वर, पट्टीने आखून: 'आज पॉझिटिव्ह होते का?' कुणी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच सुरू केलं होतं. रोज रात्री झोपण्याआधी स्वतःचा निकाल लावायचा. एका केमोपासून पुढच्या केमोपर्यंतचे एकवीस दिवस म्हणजे एक सायकल. तीन सायकल, त्रेसष्ट दिवस. फुल्या एकतीस.

"निम्म्या दिवशी नापास," ती म्हणाली.

इथे माझं चुकलं. मी म्हणाले, रडणं स्वाभाविक आहे, एवढ्या मोठ्या आजारात कुणालाही येईल. तिने मान डोलावली, आभार मानले आणि घरी जाऊन त्या रात्री फुली मारली. समजूत घालणं वेगळं आणि समज बदलणं वेगळं, हे मी शिकाऊ मंडळींना दरवर्षी सांगते आणि दरवर्षी एकदा तरी स्वतः विसरते.

माझी बैठक विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. माणसाला काय झालंय हे तर मी ऐकतेच, पण त्याहून बारकाईने ऐकते ते तो स्वतःला काय बजावतोय. आणि त्या बजावण्याला पुरावा मागते. माझ्या काही सहकाऱ्यांना ही पद्धत कोरडी वाटते. वाटो. या मुलीला ओलाव्याची कमतरता नव्हती. घरातले सगळेच तिला हसवायच्या मागे होते.

पुढच्या वेळी मी विचारलं, "फुल्या वाढल्या की शरीर ढासळतं, असं तुझं म्हणणं. बरोबर?"

"हो."

"ऑफिसात कुणी असं छातीठोक विधान केलं तर तू काय करतेस?"

"कागद मागते."

"मग माग ना."

पुढच्या भेटीला ती रिपोर्टांची जाडजूड फाईल घेऊनच आली. टेबलावर एका बाजूला वही उघडली, दुसऱ्या बाजूला रक्ततपासण्यांचे कागद तारखेवार लावले. मी तिला एक मोठा कोरा कागद दिला. तिने त्यावर तीन आडव्या रांगा आखल्या, एका सायकलची एक, आणि प्रत्येक रांगेत एकवीस घरं. वरच्या कोपऱ्यात बरोबर किंवा फुली, खाली त्या दिवशी तपासणी झाली असेल तर पांढऱ्या पेशींचा आकडा. मी मध्ये बोललेच नाही. पंधरा-वीस मिनिटं नुसता पेनाचा आवाज.

मग ती कागदाकडे बघत बसली. पहिल्या सायकलमध्ये ती सहाव्या दिवसापासून जवळजवळ आठवडाभर रडत होती. तरी पुढच्या केमोच्या आधी काउंट व्यवस्थित वर आलेले. दुसऱ्या सायकलमध्ये नवव्या ते बाराव्या दिवसापर्यंत मावसबहीण राहायला आलेली, चारही दिवस बरोबरच्या खुणा. आणि नेमक्या अकराव्या दिवशीचा आकडा पहिल्या वेळेपेक्षाही खाली.

"काउंटनी माझ्या मूडला विचारलेलंच नाहीये," ती म्हणाली.

मी तिथेच थांबले असते. मला हवं ते मिळालं होतं. पण हिशेब तपासणाऱ्या माणसाला एक गोष्ट जुळली की दुसरी दिसते. तिने बोट ठेवलं.

"मॅडम, पण या फुल्या बघा. तिन्ही रांगांत सहाव्या दिवसाला सुरू होतायत. पहिले पाच दिवस बघा. पंधरातल्या तेरा घरांत बरोबर."

खरंच तसं होतं. मलाही ते तोवर दिसलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत दिसायला हवं होतं. तिने फाईल उलटी केली, औषधांची चिठ्ठी शोधली. तिच्या उपचारात प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड होतं. मोठ्या मात्रेत, प्रत्येक सायकलचे पहिले पाच दिवस. मग एकदम बंद.

माझ्या ओठांवर उत्तर आलं होतं, ते मी गिळलं. आमच्या कामात सगळ्यात अवघड काय, तर हेच.

"म्हणजे... गोळ्या बंद झाल्या की मी रडते?"

"डॉक्टरांना विचार."

तिने विचारलं. त्यांनी सांगितलं की हे अनेकांना होतं. त्या गोळ्यांनी काहींना हुशारी येते, झोप उडते, बडबड वाढते, आणि बंद झाल्या की दोन-चार दिवस मन आणि अंग दोन्ही गळतं. त्रास फार झाला तर सांगा, त्यावर विचार करता येतो. इतकं साधं. दोन महिने ती मनामुळे शरीर बिघडतंय म्हणून स्वतःला कोसत होती. कागदावर गोष्ट बरोबर उलटी निघाली.

मला वाटलं होतं, ती सुटल्यासारखी हसेल. हसलीही. पण मग चिडली.

"म्हणजे ज्या पाच दिवसांचा मला अभिमान होता, तेही माझे नव्हते?"

या प्रश्नाने मला खूप शिकवलं. आपण पेशंटच्या डोक्यावरचं अपराधाचं ओझं काढायला धावतो. पण त्याच गाठोड्यात शाबासकीही बांधलेली असते. 'मी हिमतीची, म्हणून मला बरं वाटतंय' हे सोडलं तरच 'मी कमकुवत, म्हणून मला बरं वाटत नाही' हे सुटतं. एक ठेवून दुसरं टाकता येत नाही. योद्धा, झुंज, मात हे शब्द मला म्हणूनच खटकतात. जिंकलेल्याला हार घालताना आपण न कळत दुसऱ्या कुणाला तरी हरलेला म्हणत असतो, आणि तो बिचारा तितक्याच निमूटपणे औषधं घेत होता.

तिला मी एवढंच म्हणाले, "नापास नाहीस, तशी पहिलीही नाहीस. ही परीक्षाच नव्हती."

अशा वेळी मी वाचलेलं थोडं सांगते, कारण पुष्कळांना ते ऐकायचं असतं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डोकं आणि मानेच्या कर्करोगाच्या हजारावर रुग्णांची मानसिक स्थिती आणि ते किती जगले हे ताडून पाहिलं. आनंदी असणारे जास्त जगले, असं काही आढळलं नाही. 'मनात दाबून ठेवलं म्हणून गाठ आली' हेही असंच हवेतलं. लिम्फोमा होतो तो लसिकापेशींच्या जनुकांत बिघाड झाल्यामुळे. कुणाशी भांडण मिटवलं नाही म्हणून जनुकं रुसत नाहीत.

याचा अर्थ मनाकडे बघायचंच नाही असा नव्हे. उदासी आजार वाढवते म्हणून नव्हे, तर ती स्वतः दुखते म्हणून तिच्याकडे बघायचं. तिच्या कागदावरही औषधाच्या हिशेबात न बसणाऱ्या फुल्या होत्याच. दुसऱ्या सायकलचा सतरावा दिवस, काउंट ठीक, ताकद परत आलेली, आणि ठसठशीत फुली. त्या दिवशी जवळच्या मैत्रिणीला परदेशी नोकरी लागल्याचं कळलं होतं.

"मला तिचा आनंद नकोय असं नाही," ती बराच वेळ थांबून म्हणाली, "मला माझाही हवाय."

ही फुली खरी. तिच्यावर आम्ही दोन अख्ख्या भेटी घालवल्या. १५ ते ३९ हा वयोगट कर्करोगाच्या उपचारांत वेगळा धरतात तो उगाच नाही. या वयात आयुष्याची सगळी दारं एकाच वेळी उघडत असतात आणि आजार नेमका तेव्हाच उंबऱ्यावर येऊन बसतो. कमावता हात पुन्हा आईवडिलांच्या हातात जातो, पंचविशीत कुणीतरी 'औषध घेतलंस का' विचारतं. मूल होईल का, हा प्रश्न तर तोंडातून निघतच नाही. तो मात्र केमो सुरू होण्याआधीच डॉक्टरांना विचारा, लाज वाटली तरी विचारा. स्त्रीबीज किंवा वीर्य जपून ठेवायची सोय त्याआधी करावी लागते.

मैत्रिणीला तिने शेवटी लिहिलं: 'अभिनंदन. खरंच आनंद झाला. आणि थोडी जळले पण.' मैत्रिणीने फोन केला आणि दोघी तासभर बोलल्या. आजारपणावर दहा मिनिटं, बाकी भलतंसलतं. हे मी सुचवलेलं नव्हतं, पण आवडलं.

त्या वहीचं पुढे काय झालं? मी फाडून टाक म्हणाले नाही. लिहायची सवय असलेल्या माणसाकडून वही काढून घेऊ नये, तिच्यावरचा मथळा बदलावा. तिने नवे रकाने आखले: ताप किती, किती पावलं चालले, झोप, आणि आज काय वाटलं. शेवटच्या रकान्यात शब्द लिहायचा. खूण नाही, गुण नाहीत. पावलांचा रकाना मी आग्रहाने घातला. केमोचा थकवा झोपून जात नाही, हे तरुण मुलांना पटत नाही. ती दिवसभर पडून राहतात आणि संध्याकाळी जास्तच दमतात. जेवढं झेपेल तेवढं, दहा मिनिटं का होईना, रोज चालल्याने तो कमी होतो. डॉक्टरांनी मना केलं असेल तर अर्थात नाही.

आणि सहावा दिवस तिने कॅलेंडरवर आधीच रंगवून ठेवला. सहा, सात, आठ या तारखांना पाहुणे नाहीत, मोठे निर्णय नाहीत, ऑफिसच्या मेल नाहीत. चौथ्या केमोनंतर ती रडली, पण, तिच्याच शब्दांत, "वेळापत्रकाप्रमाणे".

एक मात्र मी तिला बजावून ठेवलं, तुम्हालाही सांगते. मनाची गळती वेळापत्रक मोडून दोन आठवड्यांहून जास्त रेंगाळली, कशातच रस वाटेना, किंवा जगणं नको असे विचार यायला लागले, तर ती वहीत लिहून भागत नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगायचं. त्या नैराश्यावर उपचार आहेत आणि ते केमोबरोबर घेता येतात.

राहिल्या आई. त्यांना मी एकदा एकट्यांना बोलावलं. 'पॉझिटिव्ह राहा' दिवसातून किती वेळा म्हणता, विचारलं तर त्या ओशाळल्या. "मग काय म्हणू, मॅडम? मला दुसरं काही करताच येत नाही ना." त्यात सगळं आलं. तो सल्ला मुलीसाठी नव्हताच, आईला धरायला काठी हवी होती. मी म्हटलं, 'कशी आहेस' याला 'बरी' एवढंच उत्तर मिळतं, त्यापेक्षा 'आज काय लिहिलंस' विचारा. आणि ती चिडली तर समजावू नका, खोलीतून निघूनही जाऊ नका, नुसत्या बसा. हे दुसरं त्यांना फार जड गेलं. रिकाम्या हाताने बसायची सवयच नव्हती त्यांना.

पाचव्या केमोनंतर पाच दिवसांनी माझ्या फोनवर आईंचा मेसेज आला. रात्री साडेनऊला, एवढाच:

'आज सहावा दिवस. दार आपटलं. मी तिथेच बसून होते. आत्ता ९९.२, दर तासाला बघतोय. थर्मामीटर तिनेच मागितला.'