अटेलिये रायझा सहा तास खेळूनही मजा येत नाहीये. सोडून देऊ का?

तुम्ही लिहिलंय की एवढं कौतुक ऐकून अटेलिये रायझा हा व्हिडिओ गेम घेतला (किमयेच्या हंड्यात साहित्य टाकून वस्तू बनवायच्या, अशा अटेलिये मालिकेतला), सहा तास झाले, आणि अजून गवत कापतोय, हंड्यात टाकतोय, बेटावरच्या लोकांची बारीकसारीक कामं करतोय. आणि शेवटी, आरपीजी म्हणजे गोष्टीतलं पात्र होऊन लढायचं, ताकद वाढवायची, असा गेम हे धरून विचारलंय, "हा आरपीजी आहे की स्वयंपाकाचा गेम?" मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीमुळे. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या भावाकडून इतकी वर्षं ऐकलंय की कुणी अनोळखी माणूस ते बोलला तरी मला दादाचाच आवाज ऐकू येतो.

आधी सरळ उत्तर: अजून सोडू नका. पण आत्ता खेळताय तसंही खेळू नका.

माझी सुरुवात रायझाने झाली नाही, याच मालिकेतल्या रोरोनाने झाली. 2009 चा गेम, दादाच्या कन्सोलवर. त्याआधी मी जे आरपीजी खेळले होते त्या सगळ्यांत एकच मंत्र चालायचा: अडलं की बाहेर जा, राक्षस मारा, लेव्हल वाढवा, परत या. रोरोनातही मी तेच केलं. गोष्ट अशी की राज्याला रोरोनाची कार्यशाळा बंद करायची असते. ती वाचवायला तीन वर्षांत बारा असाइनमेंट पूर्ण करायच्या, प्रत्येकीला तीन महिने. मी म्हटलं, तीन महिने म्हणजे भरपूर. आणि जवळच्या जंगलात जाऊन दिसेल त्याला मारत सुटले.

त्या गेममध्ये जाण्यायेण्याला दिवस लागतात, गोळा करण्यात दिवस जातात, हंड्यापाशी बसलं की अजून दिवस जातात. हे मला माहीत होतं, स्क्रीनवर दिसतही होतं, पण कळलं नव्हतं. पहिली असाइनमेंट कशीबशी निभावली. दुसरीच्या वेळी जंगलातून परत आले तेव्हा आठवडाही उरला नव्हता. टोपलीत होता तो सगळा माल हलक्या दर्जाचा, कारण मी वाटेत जे हाताला लागेल ते उचललं होतं, बघून एकही वस्तू घेतली नव्हती. घाईघाईत हंड्यात जे जमलं ते केलं आणि नेऊन दिलं. ते पुरलं नाही. कार्यशाळा बंद झाली, गेम तिथेच संपला. सेव्हही मी एकाच जागी करत होते, आणि तो सेव्ह होता मुदतीच्या तीन दिवस आधीचा. म्हणजे मागे जायलाही वाट नव्हती.

दादा मागे बसून बघत होता. त्याने विचारलं, "लेव्हल किती आहे?" मी सांगितली. तो म्हणाला, "लेव्हल तर झकास आहे. मग गेमच भिकार आहे. स्वयंपाकाचा गेम!" दुसऱ्या दिवशी त्याने कुठूनतरी एक गाईड छापून आणलं. कुठल्या तारखेला कुठे जायचं, काय उचलायचं, हंड्यात काय टाकायचं, सगळं ओळीने लिहिलेलं. मी नवीन गेम सुरू केला आणि त्या कागदावर बोट ठेवून खेळले. चार असाइनमेंट उत्तम पार पडल्या. त्या चारांत मी नक्की काय बनवलं ते मला आज आठवत नाही. हरलेली दुसरी मात्र अगदी दिवसागणिक आठवते. पाचवीला मी कन्सोल बंद केला आणि पुढची कितीतरी वर्षं या मालिकेकडे फिरकले नाही. दादाच्या मते माझ्या कंटाळ्यामुळे त्याचंच म्हणणं सिद्ध झालं.

2019 मध्ये रायझा आला. मुदत नाही, दिवस मोजायचे नाहीत, म्हणून धीर करून घेतला. आणि पहिले काही तास माझीही अवस्था तुमच्यासारखीच झाली. किमया शिकवणारा एम्पेल आणि त्याची सोबतीण लिला भेटेपर्यंत तर रायझाला किमया येतच नाही, नुसतं बोलणं आणि धावणं. हंडा मिळाल्यावरही मी काय करत होते? ऑटोचं बटण दाबत होते. गेम स्वतःच साहित्य भरतो, वस्तू तयार, पुढे चला. माझी खात्री आहे, तुम्हीही तेच करताय. ते बटण म्हणजे दादाचं गाईडच आहे, फक्त आता ते गेमच्या आत आहे.

एकदा चुकून मी ते दाबलं नाही. रेसिपीत जी वर्तुळं दिसतात, त्यांतल्या एकात मला हवं ते साहित्य कमी होतं म्हणून एकेक वस्तू हाताने टाकायला लागले. अग्नीचा अंश जास्त असलेली वस्तू टाकली तर शेजारचं वर्तुळ उघडलं. त्यात काय चालेल म्हणून टोपली चाळली, एक टाकलं, अजून पुढचं उघडलं. आणि तिथे एका खास वस्तूची जागा होती, ती टाकल्यावर त्या रेसिपीतून दुसरीच, मला आजवर माहीत नसलेली रेसिपी निघाली. कुणी पुस्तक दिलं नव्हतं, दुकानातून घेतली नव्हती, माझ्याच हंड्यातून बाहेर आली होती. मी त्या रात्री गोष्ट एक पाऊलही पुढे नेली नाही. टोपलीतली प्रत्येक वस्तू उघडून बघत बसले: हिचा दर्जा किती, हिच्यात कुठलं तत्त्व आहे, हिचा कुठला गुण पुढच्या वस्तूत उतरवता येईल.

दुसऱ्या दिवशी गोळा करायला गेले तर तीच जागा वेगळी दिसत होती. तोवर मी सगळीकडे एकच अवजार चालवत होते. एकाच झाडावर काठी मारली तर एक मिळतं, विळा चालवला तर दुसरं, कुऱ्हाड घातली तर तिसरं. ज्याला हंड्यात काय हवंय हे माहीत आहे त्याच्यासाठी ते जंगल म्हणजे भरलेलं कोठार आहे. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी ते गवतच राहणार, सहा तास खेळा नाहीतर साठ.

लढाया सोप्या वाटतात म्हणता, त्याचंही कारण मला वाटतं हेच. तुम्ही तलवारीने निभावून नेताय आणि बनवलेली अस्त्रं साठवून ठेवताय, बरोबर? रायझात ती वापरून संपत नाहीत. कोअर चार्ज, म्हणजे ती वापरायला लागणारा साठा, तेवढा खर्च होतो, आणि कार्यशाळेत परत आलं की तो भरतो. उनी नावाच्या काटेरी फळापासून बनणारं क्राफ्ट, म्हणजे साधा बाँब, घ्या, हाताने साहित्य निवडून नीट बनवा आणि अवघड राक्षसावर टाका. मग लेव्हल वाढवायला बाहेर हिंडायचं मन होणार नाही. या मालिकेत ताकद हंड्यातून येते. हे 1997 पासून असंच आहे. पहिला गेम, मारी, विकताना जाहिरातीतच सांगितलं होतं की जग वाचवणं आता पुरे झालं. त्यात मारीला फक्त पाच वर्षांत एक चांगली वस्तू बनवून अकादमीतून पास व्हायचं होतं.

म्हणून दादाला (तो हे वाचणार आहे, मी त्याला पाठवणार आहे) माझं म्हणणं एवढंच: स्वयंपाकाचा गेम म्हणजे हलका गेम, हे तुला कुणी सांगितलं? तू आयुष्यभर तलवारीचे आकडे वाढवलेस आणि त्याला डोकं लावणं म्हणालास. मी तीन गुण एका औषधात उतरवायला दोन तास चार वस्तूंची साखळी जुळवली, आणि तू म्हणालास "भाजी झाली का?" कुठल्या साहित्यातून काय होईल हे आधी मनात जुळवायचं आणि मग हात घालायचा, हे कौशल्य नसेल तर कौशल्य म्हणजे काय ते तरी सांग. आणि गाईड उघडून खेळणाऱ्याने गेम भिकार ठरवू नये. त्याने गेम खेळलेलाच नसतो.

तुमच्यासाठी काही गोष्टी राहिल्या. तयार वस्तू पुन्हा हंड्यात घालून सुधारणं, जेम (गेममधलं एक चलन) खर्चून तिच्या प्रती काढणं, हे सगळं नंतर उघडतं आणि तिथून गेमचा वेग बदलतो. त्यामुळे सहा तासांवरून निर्णय देणं घाईचं आहे. लढाई थांबून विचार करू देत नाही, ती मलाही आवडत नाही. ते पटत नसेल तर याच मालिकेतला सोफी घ्या, तिथे पाळीपाळीने लढायचं आणि हंड्यात चौकटीवर साहित्य बसवायचं. मुदतीचा ताण हवा असेल तर आर्लंडमध्ये घडणारे जुने गेम आहेत, रोरोना आणि टोटोरी त्यातलेच. पण टोटोरीत मात्र गाईड बघायला माझी हरकत नाही. तिथे पहिल्या तीन वर्षांत साहसवीराचा परवाना टिकवायचा असतो, नंतर दोनच वर्षं मिळतात, आणि खरा शेवट नुसत्या अंदाजाने हाती लागणं फार अवघड आहे. तो मीही बघूनच केला. आणि वस्तू चाळत बसणं मुळातच आवडत नसेल, तर खुशाल सोडा, त्यात कमीपणा काही नाही.

रायझा संपल्यावर मी रोरोना पुन्हा काढला. कागद न घेता, सेव्ह चार वेगवेगळ्या जागी ठेवून. दुसऱ्या असाइनमेंटला पोचले तेव्हा हात थंड पडले होते. या वेळी जंगलात तीनच दिवस गेले, हवं तेवढंच आणलं आणि बाकीचे दिवस हंड्यापाशी काढले. बाराच्या बारा पूर्ण केल्या. कार्यशाळा चालू राहिल्याचा स्क्रीनचा फोटो दादाला पाठवला तर त्याने उलट विचारलं, "लेव्हल किती?"

मी अजून सांगितलेली नाही.