फोन अनलॉक करायला ६११ डॉलर भरावेत का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलगा आर्मी नॅशनल गार्डमध्ये आहे. त्याच्या तुकडीला नऊ महिन्यांसाठी कुवेतला जायच्या ऑर्डर्स आल्या आहेत. त्याचा फोन आमच्या फॅमिली प्लॅनवर, माझ्या मिस्टरांच्या नावाने, हप्त्यांवर घेतलेला आहे. कंपनीचं लॉक असल्यामुळे त्यात तिकडचं कनेक्शन चालणार नाही. दुकानातला मुलगा म्हणाला, "उरलेले ६११ डॉलर भरा, मग अनलॉक होईल." आमचा मुलगा पगारातून भरायला निघालाय. की सरळ त्याची लाइनच बंद करावी? सोबत बिलाचा फोटो पाठवते आहे.

उत्तर:

ताई, पैसे भरू नका आणि लाइनही बंद करू नका. का ते तुमच्या बिलातच दिसतंय.

फोन १,००० डॉलरचा, ३६ हप्ते, महिन्याला २७.७८. जुना फोन दिला म्हणून ८०० डॉलरची सूट मिळाली, पण ती हातात आलेली नाही. बिलात खाली बारीक अक्षरात एक ओळ आहे बघा, वजा २२.२२. तीच ती सूट, ३६ महिन्यांवर पसरलेली. म्हणजे तुमच्या खिशातून महिन्याला फक्त ५.५६ डॉलर जातात. १४ हप्ते झाले, २२ राहिले, तेव्हा खरं देणं सुमारे १२२ डॉलरच आहे. ६११ एकरकमी भरले, तर यायची राहिलेली ४८९ डॉलरची सूट बुडू शकते. मुदतीआधी फेडलं किंवा लाइन बंद केली की सूट थांबते, अशी अट अशा ऑफरमध्ये बहुतेक वेळा असते. तुमच्या करारात ती आहे का, एवढं मिस्टरांना तपासायला सांगा.

आता लॉकबद्दल. हप्ते बाकी असताना अनलॉक नाही, हा नेहमीच्या ग्राहकाचा नियम. मोहिमेवर निघालेल्या सैनिकासाठी तो वेगळा आहे. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या मोबाईल कंपन्यांनी एफसीसीसमोर (दूरसंचारावर देखरेख करणारी सरकारी संस्था) अनलॉकिंगची सहा तत्त्वं मान्य केली. त्यातलं एक असं, की खातं सुरळीत असेल आणि डिप्लॉयमेंटचे, म्हणजे मोहिमेवर जाण्याचे, कागद दाखवले, तर सैनिकाचा फोन अनलॉक करून द्यायचा. खातं सुरळीत म्हणजे बिल थकलेलं नाही आणि फोन हरवल्याची किंवा चोरीची नोंद नाही. हप्ते फिटलेले असण्याची अट या तत्त्वात नाही. अनलॉक झाल्यावर हप्ते संपत नाहीत, ते चालूच राहतात, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. दुकानातल्या मुलाने तुम्हाला नेहमीचा नियम सांगितला. तुम्ही ऑर्डर्सचा उल्लेख केला होता का?

खातं मिस्टरांच्या नावावर आहे, म्हणून अर्ज त्यांनी करायचा आणि सोबत मुलाच्या ऑर्डर्सची प्रत जोडायची. ती प्रत कंपनीच्या अधिकृत पोर्टलवरच अपलोड करा. तिच्यावर मुलाची आणि तुकडीची माहिती असते, ती दुकानातल्या कुणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जायला नको. कंपनीने कामकाजाच्या दोन दिवसांत दखल घ्यायची असते. तरीही तो निघायच्या दोन-तीन आठवडे आधी हे काम उरका. नकार आला तर तो लेखी मागा आणि एफसीसीकडे ऑनलाइन तक्रार करा. ती फुकट असते आणि कंपनीला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. मुलालाही लष्कराच्या कायदेविषयक मदत कार्यालयात विचारता येईल, तिथेही पैसे लागत नाहीत.

त्याची लाइन बंद करण्याचा हक्क तुम्हाला जरूर आहे. सैनिकांना सवलती देणाऱ्या सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अ‍ॅक्टप्रमाणे, करारातली सेवा जिथे मिळत नाही अशा ठिकाणी ९० दिवस किंवा जास्त काळासाठी जायच्या ऑर्डर्स असतील, तर दंड न भरता करार मोडता येतो. फॅमिली प्लॅनमधली फक्त सैनिकाची लाइनही तोडता येते. तीन वर्षांच्या आत परतला आणि ९० दिवसांत पुन्हा सेवा घेतली, तर नंबरही तोच मिळतो. पण दंड माफ होतो, फोनची बाकी माफ होत नाही. तुमच्या प्लॅनमध्ये त्याच्या लाइनचे महिन्याला ३० डॉलर पडतात. नऊ महिन्यांचे २७० वाचवायला ४८९ घालवायचे, हे मला पटत नाही. शिवाय त्याच्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तिकडे बसून बँकेला नवा नंबर पटवून देणं फार जिकिरीचं असतं. लाइन तात्पुरती स्थगित करायची सोय असेल तर विचारा, मात्र त्या काळात सूट पुढे ढकलली जाते की बुडते, हे लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

एक गोष्ट निघायच्या आधी घरीच बघून घ्या. अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोन १४ आणि त्यानंतरच्या आयफोनना सिमचा ट्रेच नाही. त्याचा तसाच असेल, तर अनलॉक होऊनही कुवेतमध्ये प्लास्टिकचं सिम घालता येणार नाही, ई-सिमच (फोनमध्येच बसवलेलं डिजिटल सिम) लागेल. झैन किंवा ऊरिडू या तिकडच्या मोबाईल कंपन्यांचं ई-सिम त्याला कसं मिळेल, हे तुकडीतल्या आधी जाऊन आलेल्यांना विचारायला सांगा. आणि अनलॉक खरंच झालं का, हे आयफोनच्या सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउटमध्ये दिसतं. 'कॅरिअर लॉक'समोर 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' आलं पाहिजे. तोंडी "झालंय" ऐकून फोन ठेवू नका.

कंपनी शेवटपर्यंत अडून बसली, तर साधारण १५० डॉलरचा जुना, अनलॉक केलेला फोन घेऊन द्या. सूट बुडवण्यापेक्षा तो कितीतरी स्वस्त पडेल.

मुलगा जे ६११ डॉलर भरायला निघाला होता, त्यांना चांगली जागा असू शकते. कुवेतची ही मोहीम सैन्याच्या सेव्हिंग्ज डिपॉझिट प्रोग्राममध्ये, म्हणजे मोहिमेवरच्या सैनिकांसाठीच्या बचत योजनेत, बसते का, हे त्याला आधी विचारायला सांगा. बसत असेल, तर तिथे सलग ३० दिवस झाले की त्याला पगारातून पैसे ठेवता येतात, १०,००० डॉलरपर्यंत वर्षाला १० टक्के व्याज मिळतं आणि परतल्यावरही ९० दिवस ते चालू राहतं. व्याजावर कर आहे, तरी सरकारी हमीचा एवढा दर त्याला बाहेर कुठे मिळणार नाही. यात तुमचे पैसे चालत नाहीत, त्याच्याच पगारातले लागतात. म्हणून इथले ५.५६ आणि लाइनचे ३० डॉलर तुम्ही भरत राहा, आणि मिस्टरांना ऑटो-पे आजच लावायला सांगा. एक बिल जरी थकलं, तरी अनलॉकचा अर्ज तिथेच अडेल.