दिव्यांग भेदभावाच्या तक्रारीत साक्षीदार त्रयस्थ एजन्सीचा असेल, तर त्याची माहिती कशी मिळवायची?

समजा, व्हीलचेअरवरच्या उमेदवाराला गेटवरूनच परत पाठवलं आणि ते पाहणारा फक्त कंत्राटी सुरक्षारक्षक. त्याचं नाव माहीत नसलं तरी अडत नाही. तक्रारीसोबत राज्य दिव्यांग आयुक्तांकडे वेगळा अर्ज द्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचं कलम ८२ त्यांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार देतं: साक्षीदाराला समन्स, कागदपत्रं मागवणं, प्रतिज्ञापत्रावर पुरावा घेणं. ‘सगळं रेकॉर्ड द्या’ असं मोघम लिहू नका, अर्ज तिथेच फसतो. तारीख, वेळ, गेट क्रमांक, त्या पाळीचं हजेरीपत्रक, एजन्सीचं नाव असं नेमकं मागा.

पण सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, असं पत्र इमारतीच्या व्यवस्थापनाला आजच स्पीड पोस्टाने पाठवा. जुन्या फुटेजवर नवं चढतं, मग समन्स काढूनही हाती काही लागत नाही.