नोकरी सोडून कर्ज फेडायचं? आधी इंजेक्शनं मोजा

प्रश्न : वय ५१. लहान आतड्यातला न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर (संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींचा कर्करोग) यकृतात पसरलाय; ग्रेड १, म्हणजे सावकाश वाढणारा. दर २८ दिवसांनी लॅनरिओटाइडचं (लक्षणं आणि गाठींची वाढ आवरणारं औषध) इंजेक्शन, दोन वर्षं स्कॅन स्थिर. नोकरी सोडावी आणि सगळी बचत घालून घराचं कर्ज फेडून मोकळं व्हावं का?

उत्तर : दोन्ही एकदम नको. ‘पसरलाय’ म्हटलं की माणूस दोन-तीन वर्षांपुरताच हिशेब मांडतो. पण केआय-६७ (गाठीतल्या किती पेशी वाढताहेत याचं माप) तीन टक्क्यांच्या आत असलेल्या ग्रेड १ मध्ये, पसरल्यानंतरही दहा वर्षं आणि त्याहून जास्त काढलेले रुग्ण आहेत. तुमच्या वाट्याला किती, हे ऑन्कॉलॉजिस्टही छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून मी पंधरा वर्षं धरेन. लवकर गेलात तर पैसे घरच्यांना उरतील. पैसे आधी संपले तर उपचार अडतील.

इंजेक्शनाचा खर्च बहुतेक जण बाराने गुणतात. २८ दिवसांनी म्हणजे वर्षाला १३. लक्षणं आवरेनात किंवा गाठी वाढल्या तर अंतर कमी केलं जातं. १४ दिवसांवर आलं तर २६. पुढे ल्युटेशियमचे (शिरेतून देतात ते किरणोत्सारी औषध) उपचार लागले तर चार डोस, आठ-आठ आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे मोठी रक्कम सहा महिन्यांच्या आत उभी करायची. घरात अडकलेला पैसा तेव्हा पटकन सुटत नाही.

कर्जाला जोडून आयुर्विमा आहे का, ते आधी बघा. असेल तर कर्ज फेडताच ते कवच बहुधा संपतं, आणि या निदानानंतर नवं मिळणं जवळपास अशक्य. जुन्या पॉलिसीचा हप्ता चुकवू नका; बंद पडलेली पॉलिसी सुरू करताना तब्येतीचा जबाब पुन्हा द्यावा लागू शकतो.

राजीनाम्याआधी कंपनीच्या आरोग्यविम्याबद्दल लेखी विचारा : दाखल न होता घेतलेलं इंजेक्शन त्यात बसतं का, न्यूक्लिअर मेडिसिनला (ल्युटेशियमसारख्या किरणोत्सारी औषधांच्या उपचारांना) मर्यादा किती, नोकरी सुटल्यावर नव्या तपासणीशिवाय वैयक्तिक पॉलिसी मिळेल का? ‘नाही’ आलं तर अर्धवेळ काम किंवा बिनपगारी रजा बघा. थकवा आणि जुलाब खरे आहेत, ते अंगावर काढा असं मी म्हणत नाही.

दोन वर्षांचा घरखर्च आणि ल्युटेशियमची पूर्ण रक्कम मुदत ठेवीत बाजूला काढा. उरलेल्यातला तिसरा हिस्सा शेअर बाजारातल्या फंडात राहू द्या, नाहीतर पंधरा वर्षांची महागाई ठेवी खाईल. त्यातूनही काही शिल्लक राहिलं, आणि कर्जाचं व्याज ठेवीच्या करानंतरच्या व्याजापेक्षा जास्त असलं, तरच थोडं थोडं कर्ज फेडा.